लेकीचं पुस्तक, आईच्या उशाशी

मागच्या मंगळवारी रात्री पाणी प्यायला उठले, तर आईच्या खोलीत दिवा चालू. साडेअकरा वाजून गेले होते. दार लोटून पाहिलं तर आई उशीला टेकून बसलेली आणि मांडीवर माझ्या सात वर्षांच्या लेकीचं पुस्तक. ऑक्टोपसचं. पसरट, मोठ्या चित्रांचं, पानागणिक चार-पाच ओळी असलेलं. तिचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. मला बघून म्हणाली, "अगं, ही अंडी राखत बसते ना, तेव्हा काही खातच नाही म्हणे. मग पुढे तिचं काय होतं? इथे लिहिलेलंच नाहीये."

आई शहात्तर वर्षांची आहे, आणि गेली पाच-सहा वर्षं ती वाचत नव्हती. म्हणजे मी पुस्तकं आणत होते, ती घेत होती, चार दिवस उशाशी ठेवत होती आणि "आता नाही गं मन लागत" म्हणून परत देत होती. मी काय आणायचे? अध्यात्म, संतचरित्रं, थोरामोठ्यांची जाडजूड आत्मचरित्रं. या वयात हे आवडत असणार, असं मी धरूनच चालले होते. तिला मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून नीट बोलले, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली अगदी साधी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक टाइप तिला त्रास देतो. एक ओळ संपवून दुसरीवर येताना ती हरवते, पुन्हा तीच ओळ वाचते, आणि दोन पानांत दमते. नेहमीच्या पुस्तकांचा टाइप साधारण दहा ते बारा पॉइंटचा असतो. मोठ्या टाइपातली म्हणून जी पुस्तकं निघतात, त्यांचा सोळा किंवा त्याहून मोठा. लेकीच्या पुस्तकातली अक्षरं त्याहूनही ठसठशीत होती आणि ओळींमध्ये भरपूर जागा होती. शिवाय ते पुस्तक हलकं होतं. मी आणलेली साडेचारशे पानांची आत्मचरित्रं आडवं पडून धरली की तिची मनगटं दुखायची, हे तिने कधी सांगितलं नाही. वयस्कर माणसासाठी पुस्तक निवडताना ते हातात तोलून बघायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी गोष्ट मात्र मला आतून हलवून गेली. तिला प्राण्यांबद्दल वाचायचं होतं. "लहानपणापासून आवडतं गं. तेव्हा पुस्तकं कुठे होती अशी? मग तुम्ही झालात, मग राहूनच गेलं." माझी आई, जिच्याबरोबर मी जन्मापासून राहिले, तिची आवड मला माझ्या लेकीच्या पुस्तकामुळे कळली.

तर पुढच्या फेरीला आईचा तो प्रश्न घेऊनच ग्रंथालयात गेले. आमच्या कार्डावर एका वेळी सहा पुस्तकं मिळतात, तीन आठवड्यांसाठी. घरात सध्या आम्ही सातजण आहोत: आई, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची लेक, दोन महिन्यांसाठी आलेली बहीण, तिचं पाच महिन्यांचं बाळ आणि मी. सहा पुस्तकांत सगळ्यांचं भागवायचं, म्हणजे डोकं चालवावंच लागतं.

या वेळी एक युक्ती सापडली, ती मी आता कायम वापरणार आहे. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये पुस्तकांच्या वर्गीकरणाची जी दशांश पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येक विषयाला एक आकडा असतो. लोककथा ३९८ मध्ये, पूल-बांधकाम ६२४ मध्ये, आणि शंखशिंपल्यांपासून ऑक्टोपसपर्यंतचे मृदुकाय प्राणी ५९४ मध्ये. बालविभाग आणि मोठ्यांचा विभाग वेगळ्या खोल्यांत असले, तरी पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा दोन्हीकडे तोच. लेकीच्या पुस्तकावरचा ५९४ बघून मी सरळ मोठ्यांच्या खोलीतल्या ५९४ पाशी गेले, तर आईच्या प्रश्नाचं उत्तर तिथे उभंच होतं. आता मी उलटाही प्रवास करते. एखादा विषय मलाच जड जात असेल, तर तोच आकडा घेऊन मुलांच्या खोलीत जाते आणि तिथलं पातळ पुस्तक आधी वाचते. पाया तिथे पक्का होतो.

आईला उत्तर वाचून दाखवलं. ऑक्टोपसच्या बहुतेक जातींत मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, ती राखताना खाणं जवळजवळ सोडून देते आणि पिल्लं बाहेर येण्याच्या सुमारास मरते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ खोल समुद्रात, सुमारे १४०० मीटरवर, संशोधकांना एक मादी खडकाला चिकटवलेल्या अंड्यांवर बसलेली दिसली होती. ते २००७ साल होतं. ते पुन्हा पुन्हा जाऊन बघत राहिले आणि ती २०११ पर्यंत तिथेच होती. त्रेपन्न महिने. आईने बोटांवर हिशेब केला. "साडेचार वर्षं होत आली की गं," म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली.

आता मुलाबद्दल. हे लिहिणं मला जड जातंय, पण लिहायलाच हवं.

तो नऊ वर्षांचा असताना कॉमिक्समध्ये बुडालेला असायचा. जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही. मग शाळेतून वयानुसार वाचनाची यादी आली आणि "चित्रांची पुस्तकं आता पुरे" असा निरोपही. मी तो मानला. कॉमिक्स खोक्यात भरून माळ्यावर टाकली आणि यादीतली पुस्तकं त्याच्या टेबलावर रचली. त्याने ती वाचली नाहीत. काहीच वाचलं नाही. चार वर्षं अभ्यासाशिवाय एक पुस्तक हातात धरलं नाही. कॉमिक वाचणं हे काही कमी प्रतीचं वाचन नाही, हे मला आता पटलंय. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना मधे जे घडलं ते वाचणाऱ्याने स्वतःच्या मनात भरायचं असतं, शब्द आणि चित्र एकाच वेळी लावायचे असतात. तो ते सहज करत होता. ते खोकं माळ्यावर टाकल्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि मी त्याला तसं सांगितलंही आहे.

ग्रंथालयाच्या त्या फेरीला तो माझ्याबरोबर आला होता फक्त पिशवी उचलायला. मी नवऱ्यासाठी काहीतरी शोधत होते आणि तो मागे टेकून उभा होता. ६२४ च्या कप्प्यात एक पुस्तक दर्शनी ठेवलेलं होतं. मुखपृष्ठावर पूल, आणि तो पूल पिळलेल्या कापडासारखा वाकडा झालेला. त्याने ते ओढून बाहेर काढलं. "हा खरंच असा वळला होता?" मी जीभ चावून गप्प राहिले. अशा वेळी "घे ना, घे ना, छान आहे" म्हटलं की संपलं.

घरी आल्यावर तो कपाटाला पाठ टेकवून जमिनीवर बसला. आधी फक्त फोटो पाहिले, मग फोटोंखालच्या ओळी वाचल्या, मग मधलंच एक प्रकरण, आणि शेवटी कधीतरी पहिलं पान. माहितीची पुस्तकं अशीच वाचली जातात आणि वाचू द्यावीत. संध्याकाळी मला सांगत होता, की तो अमेरिकेतल्या टॅकोमाचा झुलता पूल, १९४० च्या जुलैमध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पडला. वारा होता ताशी जेमतेम चौसष्ट किलोमीटरचा. "आणि आई, सगळे म्हणतात अनुनादामुळे पडला, म्हणजे वाऱ्याच्या झोतांचा ताल पुलाच्या स्वतःच्या हलण्याच्या तालाशी जुळला म्हणून. तेवढं सोपं नाहीये ते. वारा आणि पुलाचं हलणं एकमेकांना वाढवत गेले." चार वर्षांनी माझा मुलगा मला पुस्तकातलं काहीतरी समजावून सांगत होता. मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत राहिले.

नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकेतल्या ग्रंथपाल आहेत, त्यांचं एक सांगणं मला फार उपयोगी वाटतं. वाचक पुस्तकात चार दारांतून शिरतो, असं त्या म्हणतात: गोष्ट, पात्रं, स्थळ आणि भाषा. प्रत्येकाचं एक मोठं दार असतं. हे मी घरच्यांना लावून पाहिलं. नवऱ्याचं स्थळ, पहिल्या पानावर नकाशा असला की झालं. बहिणीला गोष्ट पळायला हवी. मी भाषेसाठी वाचते, तीस पानांत काही घडलं नाही तरी मला चालतं. म्हणूनच आम्ही दोघी बहिणी एकमेकींना पुस्तकं सुचवायचो तेव्हा दरवेळी फसायचं. मुलगा मात्र या चारांत कुठेच बसत नाही. त्याचं पाचवं दार आहे: हे चालतं कसं, आणि मोडतं कसं?

दार ओळखायला एक प्रश्न पुरतो, पण तो "तुला काय वाचायला आवडतं?" हा नव्हे. त्याला सगळे शहाण्यासारखी उत्तरं देतात. मी विचारते, "शेवटचं कुठलं पुस्तक खाली ठेववलं नाही? आणि त्यातलं काय आठवतं?" माणूस ज्या गोष्टीपासून सांगायला सुरुवात करतो, तेच त्याचं दार.

पर्ल यांचा आणखी एक नियम आईला भलताच आवडला. पन्नास पानं वाचा, नाही आवडलं तर सोडा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं द्या. "म्हणजे मला चोवीस!" आई म्हणाली. पुस्तक अर्धवट सोडणं म्हणजे अन्नाचं ताट टाकून उठण्यासारखं तिला वाटायचं. त्या भीतीने ती नवीन काही हातातच घेत नव्हती. आता ती बिनधास्त चोवीस पानं वाचते आणि "नको, दुसरं दे" म्हणते. मला ते ऐकून इतकं बरं वाटतं.

बाळाचं सांगायचं तर, अगदी लहान असताना त्याला काळ्या-पांढऱ्या ठळक आकृत्यांचं पुस्तक दाखवायचो. पहिल्या आठवड्यांत बाळांना वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, आणि गडद-फिक्यातला फरक आधी कळतो. आता पुस्तक थेट तोंडात जातं. जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पानं त्यासाठीच असतात.

लेकीसाठी निवडताना मी आधी चित्रांचं पुस्तक एकदा शब्द न वाचता चाळते. चित्रांची पुस्तकं बहुधा बत्तीस पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की आठ, सोळा, बत्तीस अशीच पानं होतात. त्या एवढ्याशा जागेत चांगला लेखक-चित्रकार पान उलटण्याचा क्षण जपून वापरतो. मी उजव्या पानावरची शेवटची ओळ वाचत असते आणि लेकीचा अंगठा केव्हाच कोपऱ्याखाली सरकलेला असतो, श्वास रोखलेला असतो. ज्या पुस्तकात तिचा अंगठा तसा सरकत नाही, ते दुसऱ्यांदा मागितलं जात नाही. आणि जे आवडतं ते अकरा वेळा मागते. अकराव्या वेळी तिला चित्रात असं काहीतरी दिसतं, जे मला दिसलेलंच नसतं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, आणि तिसरं म्हणजे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. दुसऱ्या सूत्रावर मी वर्षानुवर्षं राबत होते: हे आईचं, हे मुलाचं, हे लेकीचं, प्रत्येकाच्या खोलीत नेऊन ठेवायचं. तिसऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं. ऑक्टोपसच्या पुस्तकाने आपला वाचक स्वतः शोधला, कारण लेक ते बैठकीत विसरून झोपायला गेली होती.

म्हणून आता सहाही पुस्तकं बैठकीतल्या एका उघड्या टोपलीत, मुखपृष्ठं वर करून. कुणाचं कुठलं, ते सांगायचं नाही. पहिल्याच आठवड्यात पुलांच्या पुस्तकावरून लेकीला कळलं की तो पूल पडला तेव्हा एका मोटारीत अडकलेला कुत्रा गेला. ती रडली. मुलगा कावराबावरा झाला, मग तिला जवळ घेऊन बसला आणि पुलाचा दुसरा फोटो दाखवायला लागला, नंतर तिथे बांधलेल्या नव्या, भक्कम पुलाचा. माळ्यावरचं खोकंही मी खाली काढलंय. त्यातली दोन कॉमिक्स त्याने टोपलीत टाकली, "हिच्यासाठी" म्हणून. स्वतःही वाचतोय.

काल ग्रंथालयात निघाले तेव्हा आईने हातात एक चिठ्ठी दिली. तिचं अक्षर आता थोडं कापरं झालंय, पण ओळी सरळ आहेत. त्यात लिहिलं होतं:

"खेकड्यांबद्दल काही असेल तर. जाड नको. आणि छोटीसाठी कुत्र्याची गोष्ट, पण त्यात कुत्रा शेवटपर्यंत जिवंत राहतो ना, ते आधी बघून घे."