पिशवी काढल्यानंतरची उन्हाळी

फॉलो-अपला, म्हणजे उपचारानंतरच्या तपासणीला आलेल्या मावशींचं वय ६४. सव्वा वर्षापूर्वी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगासाठी पिशवी, नळ्या आणि दोन्ही अंडाशय काढलेले. पहिली स्टेज (आजार पिशवीपुरता), दुसरी ग्रेड (पेशी मध्यम आक्रमक). रेडिएशन लागलं नव्हतं. फाईलमध्ये बाहेर केलेली पॅप स्मिअर (योनीतून खरवडून घेतलेल्या पेशींची तपासणी) आणि सोनोग्राफी, दोन्ही नॉर्मल. निघता निघता सून म्हणाली, "लघवीनंतर पुसताना कधी कधी लाल दिसतं त्यांना. उन्हाळी लागली असेल म्हणून सब्जा देतेय."

"किती दिवस झाले, मावशी?"

"महिना झाला असेल. आता काय पाळी येणार आहे का परत!"

पिशवी नसताना योनीतून लाल जाण्याची मुख्य कारणं मोजकीच: कोरडी पडून पातळ झालेली योनीची त्वचा, योनीच्या वरच्या टोकाच्या टाक्यांवर वाढलेलं मऊ मांस, नाहीतर उलटलेला आजार. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोरडेपणाचं क्रीम लिहून द्यायचं नाही.

स्पेक्युलममधून (योनी उघडून पाहायच्या साधनातून) टाक्यांची रेषा स्वच्छ दिसली. पुष्कळदा तपासणी इथेच आटपते, आणि फसगतही इथेच होते. कारण स्पेक्युलमच्या दोन पात्या पुढची आणि मागची भिंत झाकून ठेवतात. स्क्रू सैल करून तो पाव फेरा वळवला आणि सावकाश बाहेर ओढत आणला. मूत्रमार्गाच्या अगदी खाली, पुढच्या भिंतीत, वाटाण्याएवढी निळसर लाल गाठ. गॉझ टेकवताच रक्त आलं. मग बोटाने योनी आणि गुदमार्ग एकत्र तपासले, जांघेत आणि गळपट्टीच्या हाडावर गाठी आहेत का तेही चाचपलं.

तुकडा तपासला, तोच आजार निघाला. पॅपचा नमुना वरच्या टोकाचा, त्यात हे येणार कुठून? तसंही या आजाराच्या फॉलो-अपमध्ये नेमाने पॅप करण्यात अर्थ नाही. सीए-१२५ ही रक्ततपासणी सुरुवातीला वाढलेली असेल तरच उपयोगाची, आणि लक्षण नसताना सीटी काढत बसायची गरज बहुतेकींना नसते.

मावशींना मात्र ओटीपोटाचा एमआरआय आणि छाती-पोटाचा सीटी लागला. दुसरीकडे काही नव्हतं. आधी रेडिएशन झालेलं नसेल तर योनीपुरता उलटलेला आजार बरा होण्याची आशा चांगली असते; नेदरलँड्सच्या पोर्टेक-१ चाचणीत अशा बायकांपैकी साधारण ६५ टक्के पाच वर्षांनंतरही हयात होत्या. म्हणून बाहेरून २५ बैठकांत ४५ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) आणि त्यानंतर ब्रॅकीथेरपी, म्हणजे योनीच्या आतून रेडिएशन, असं ठरलं.

पुढच्या भेटी दर तीन महिन्यांनी. सुनेला कार्डावर लिहून दिलं: लाल किंवा घाण वास येणारं पाणी जाणं, एकाच पायाला सूज, पोट फुगणं, हटत नसलेला खोकला, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न पाहता यायचं.