दहावीतली मुले, त्यांचे डबे आणि वजनाचा काटा

शाळा सुरू झाल्या की आमच्या सोसायटीतील पालकांच्या गप्पांत क्लासच्या वेळापत्रकाबरोबर मुलांच्या वजनाचा विषय हमखास निघतो. एखादी मुलगी ‘फारच सुटली’ म्हणून तिचा भात बंद झालेला असतो, तर एखादा मुलगा हडकुळा आहे, त्याच्या अंगाला काही लागतच नाही, म्हणून जिममधील मित्राच्या सल्ल्याने त्याला प्रोटीन पावडर सुरू झालेली असते. या दोन्ही घरांत मुलांची उंची गेल्या वर्षभरात किती वाढली हे विचारले, तर सहसा कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

मोठ्या माणसांचे बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारे) आकडे वाढत्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यासाठी वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी यांचे वेगळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 5 ते 18 वर्षांसाठीचे सुधारित तक्ते 2015 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या कामात पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. या तक्त्यांत प्रौढांच्या 23 या बीएमआयला जाऊन मिळणारी रेषा जास्त वजनाची आणि 27 ला मिळणारी रेषा लठ्ठपणाची मानली जाते. बाराव्या वर्षी याच रेषा त्या आकड्यांच्या बऱ्याच खाली असतात. त्यामुळे एका दिवसाच्या वजनापेक्षा दर सहा महिन्यांनी घेतलेल्या नोंदी कोणत्या दिशेने चालल्या आहेत, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

मुलींची उंची साधारणपणे 11-12 व्या वर्षी आणि मुलग्यांची 13-14 व्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. त्याआधी अनेक मुले गुबगुबीत दिसतात, आणि वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणे हे शरीराचे स्वाभाविक काम आहे. वजन किंचित जास्त असलेल्या, अजून उंची वाढत असलेल्या मुलाचे वजन उतरवण्याऐवजी ते काही काळ स्थिर ठेवले, तर वाढती उंचीच बरेचसे काम करून टाकते. अर्थात, ‘उंच झाला की आपोआप बारीक होईल’ हे आजीचे आश्वासन कायम चालत नाही, कारण पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची फार वाढत नाही.

जेवण तोडण्याला माझा विरोध आहे तो आणखी एका कारणाने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला 30 मिलिग्रॅम लोह लागते, तर त्याच वयाच्या मुलाला 22. कॅल्शियम दोघांनाही 1000 मिलिग्रॅम लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील 15 ते 19 वर्षांच्या सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. ज्या मुलीला लोहाची सर्वाधिक गरज, तिच्याच ताटातले आपण कमी करतो! मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे, पालेभाजी रोज असावी आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोहाचे शोषण कमी होते. प्रथिनांची शिफारस या वयात दिवसाला 45 ग्रॅमच्या आसपास आहे. ती वरण, उसळ, दूध, दही, अंडी यांतून भागते, त्यासाठी प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणावा लागत नाही.

खरा गोंधळ होतो तो संध्याकाळी. दुपारी शाळा, मग सदाशिव पेठेतला क्लास, आणि मधल्या भुकेला वडापाव, क्रीमरोल किंवा शीतपेय. 300 मिलिलिटर कोलात साधारण 30 ग्रॅमहून अधिक साखर असते. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत अति चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा नियम आहे, पण मुलांची निम्मी संध्याकाळ क्लासच्या दारात जाते. म्हणून आमच्याकडे दुसरा डबा असतो: थालीपीठ आणि दही, उसळ भरलेली पोळी, नाहीतर फुटाणे, शेंगदाणे आणि एक केळे. महिन्यातून एखाद्या मस्तानीला माझी हरकत नाही. घरी कडक बंदी घातली की मुले बाहेर चोरून खातात, एवढे मी आजूबाजूला पाहिले आहे.

रोज तासभर शरीर हलले पाहिजे आणि या वयात आठ ते दहा तासांची झोप हवी. रविवारी तळजाई टेकडीवर दोन तास चालून आठवडाभराची बैठक भरून निघत नाही. त्यापेक्षा जिथे रस्ता सुरक्षित असेल तिथे क्लासला सायकलने जाणे बरे.

नातेवाइकांनी लग्नकार्यात मुलांच्या अंगलटीवर केलेले शेरे मात्र तिथल्या तिथे थांबवावेत. अशा शेऱ्यांनंतर काही मुली गुपचूप जेवण टाळू लागतात. मानेवरची त्वचा काळी आणि जाडसर होणे, झोपेत जोरात घोरणे, पाळी फारच अनियमित असणे, किंवा वजन अचानक घटणे यांपैकी काही दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि जाताना उंची-वजनाच्या जुन्या नोंदी सोबत न्याव्यात.