रॅचेट फिरला, आता चेतककडे

जुन्या बाजारातून उचललेला अर्धा इंची रॅचेट, म्हणजे न काढता मागेपुढे हलवत नट फिरवायची मूठ, अखेर चालू झाला. मुठीवर ‘स्नॅप-ऑन’ एवढंच पुसट वाचता येतं. आतलं ग्रीस वाळून डिंक झालं होतं, मूठ एकाच दिशेला पकडणारी खिट्टी आतल्या चक्राच्या दातांत बसतच नव्हती. झाकण खोललं, सगळं डिझेलमध्ये भिजत टाकलं, टूथब्रशने दात घासले. जोडताना ग्रीस थापलं नाही, पातळ तेलाचे दोन-चार थेंब फक्त. आतली स्प्रिंग नाजूक असते, जाड ग्रीसमधून खिट्टी ढकलणं तिला झेपत नाही. आता टक-टक आवाज कसा खणखणीत येतो!

गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, मात्र टपारियाच्या, आपल्या नाशिकच्या. स्नॅप-ऑनच्या अमेरिकन मुठीवर त्या फिट्ट बसतात, कारण नट मिलिमीटरमध्ये असला तरी मूठ जिथे अडकते तो गोटीमागचा चौकोन जगभर इंचातच मोजतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी.

खरं तर स्नॅप-ऑनचा जन्मच या अदलाबदलीतून झाला. पूर्वी मूठ आणि गोटी एकसंध असायची. जितके नट, तितके पाने. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जोसेफ जॉन्सनला सुचलं की पाच मुठी आणि दहा सुट्या गोट्या पुरतील. तो नोकरी करायचा त्या कंपनीने कल्पना उडवून लावली. मग विल्यम सायडमनला सोबत घेऊन त्याने १९२० मध्ये स्वतःचीच कंपनी काढली. पुढे यांचे विक्रेते व्हॅन भरून थेट गॅरेजच्या दारात जाऊ लागले. मिस्त्रीला काम टाकून दुकानात जावं लागत नाही, आणि उधारीही दारातच! धंदा कळलेली माणसं.

गोटी घेताना सहा कोनीच घ्या. बारा कोनी पटकन बसते हे खरं, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तीच आधी खाते. सहा कोनीचा जोर नटाच्या सपाट बाजूंवर येतो.

या जुन्या रॅचेटचे दात मोठे, मोजकेच आहेत. २४ दात असले तर पुढचा दात पकडायला मूठ १५ अंश फिरवावी लागते, ७२ असले तर फक्त ५. चेतक स्कूटरच्या इंजिनाशेजारी हात घालून बघा, हा फरक लगेच कळतो. तिथे बारीक दातांचा ३/८ इंची रॅचेटच हवा. हा मोठा चाकांच्या नटांना ठेवलाय.

पुढचं काम चेतकच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडण्याचं. त्याआधी टॉर्क रेंच, म्हणजे मोजून-मापून जोर लावणारा पाना, घ्यायचाय, कारण ॲल्युमिनियममधले आटे गेले की खर्च वाढतो. क्लिकवाला घ्यावा की काट्याचा? वापरणाऱ्यांनी सांगा.