टाकी फुल्ल केली की

आबांची पेट्रोल जीप 1972 सालची, मागं पिकअपसारखा हौदा ठोकलेला. उसाचं बेणं, खताची पोती, लग्नसराईत पाव्हणे, सगळं त्यातनंच. तिसऱ्यांदा टोचन लावून कोल्हापुरात उद्यमनगरला माझ्या गॅरेजवर आणली तेव्हा मला आबांकडं बघायची लाज वाटत होती. तक्रार तीच: आयडलिंगला गचके, आणि वाघबीळचा घाट चढताना दम तोडून बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू.

तापल्यावर बंद, निवल्यावर चालू. ठिणगीची कॉइल असंच करते, तिच्या जोडीचा कंडेन्सरही असंच करतो, पाइपात पेट्रोलची वाफ धरली तरी हेच. आधीच्या मिस्त्रीनं पंपावर ओला फडका गुंडाळून दोनशे रुपये घेतले होते. आमच्या लायनीत असली माणसं लई. मी कॉइल आणि कंडेन्सर बदलले, पॉइंटची फट वीस थाऊला, म्हणजे इंचाच्या वीस हजारांशाला, लावली.

गचक्यांचं मूळ मात्र मी झकास पकडलं. या इंजिनाचा इनटेक वॉल्व्ह हेडात, एक्झॉस्ट ब्लॉकात, आणि कार्बोरेटर थेट हेडावर. मिक्स्चरचा स्क्रू आत घ्या, बाहेर घ्या, आवाज बदलेना. म्हणजे हवा दुसरीकडनं घुसतेय. कार्बोरेटरच्या बुडाशी इंजिन ऑइलचे चार थेंब सोडले. थेंब आत ओढले गेले आणि तेवढ्यापुरतं इंजिन सावरलं. वर्षानुवर्षं नट आवळून आवळून बुडाचे कान वाकले होते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तासभर आठच्या आकड्यात घासलं, नवं गास्केट टाकलं. मग टॅपेटची टकटक अशी एकसारखी लागली की शेजारचा लेथवाला मशीन बंद करून ऐकायला आला.

त्या दिवशीच आबा म्हणाले, "मिस्त्री, टाकी फुल्ल केली की जास्त छळती बघा."

मी हसलो. "आबा, तुमचाच ऊस हाय त्यात." पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल, त्यामुळं कुठलीही गाडी बिघडली की बिल त्याच्या नावावर फाडायची सवय लागलीय, गिऱ्हाइकाला आणि आम्हालाही. रबरी पाइप खरोखरच फुगले होते, ते बदलले. चार दिवसांनी पुन्हा वाघबीळ.

यावेळी टाकी फुल्ल करून मीच सोबत गेलो. घाटात गचके सुरू झाले आणि जीप थांबली. बॉनेट उघडलं. पंपाखालची काचेची वाटी निम्मी रिकामी. हाताचा लिव्हर मारत बसलो, पेट्रोल येईना. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, तिचं झाकण बाहेरच्या अंगाला. ते फिरवलं तशी सुस्स करून हवा आत गेली. पुन्हा लिव्हर मारला, वाटी काठोकाठ.

झाकणाला भोकच नव्हतं. पेट्रोल जाईल तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे, नाहीतर टाकी उलटी ओढायला लागते आणि पंप हरतो. बंद पडून दहा मिनिटं उभी राहिली की कुठूनतरी थोडी हवा झिरपायची आणि चालू व्हायची. टाकी भरलेली असली की वर हवेला जागाच थोडी, म्हणून ओढ लवकर धरते. आबांनी रोग सांगितला होता, मी त्यावर विनोद केला.

आणि ते झाकण मीच बसवलेलं. पावसाळ्याआधी जुनं हरवलं तेव्हा भंगारातनं शोधून आणलं होतं. "ओरिजिनल बी असं बसत नाही," असंही वर म्हणालो होतो.

आबा कठड्यावर बसून तंबाखू मळत होते. "घावलं का?"

"झाकणात कचरा होता आबा."

तोंडातनं तेवढंच निघालं. गॅरेजवर येऊन हवेचं भोक असलेलं झाकण बसवलं, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर जीप एकदाही बंद पडलेली नाही. परवा आबांनी गुळाची ढेप पाठवली. मिस्त्री लई सरळ माणूस, असं गावात सांगतात म्हणे.

कॉइल-कंडेन्सरचे पैसे अजून माझ्याकडंच आहेत.