नऊ जिने

गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर नऊ जिने ओळीने मांडलेले होते. सगळे एकाच मुलीने केलेले, सगळे गडद निळ्या कार्डाचे, आणि सगळ्यांच्या पायऱ्यांच्या कडांवर एक पांढरी, केसाळ रेघ. ती रेघ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी कलाशाखेच्या पहिल्या वर्षाला पेपरक्राफ्ट शिकवते. जिना हा आमचा दरवर्षीचा प्रोजेक्ट. एकच कार्ड घ्यायचं, चिकटवायचं काहीच नाही, फक्त काप आणि घड्या. कार्ड नव्वद अंशांत उघडलं की जिना उभा राहतो, मिटलं की सपाट होतो. जपानी वास्तुविशारद मासाहिरो चाटानी यांनी १९८०च्या दशकात अशा एका कागदातून अख्ख्या इमारती उभ्या केल्या. आमचा जिना त्यातलाच, बाळबोध. बारा पायऱ्या, प्रत्येक ६ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच उंच. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात २५ घड्या येतात : १२ डोंगर (बाहेर उचललेल्या घड्या) आणि १३ दऱ्या (आत दबलेल्या). घडीमागे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर शेवटच्या पायरीपर्यंत ती एवढी साठते की कार्ड मिटतच नाही. म्हणून मी मुलांना माप एका पायरीवरून पुढच्या पायरीवर नेऊ देत नाही. सगळी मापं एकाच कडेपासून घ्यायची, आणि खूण पेन्सिलीने नाही, सुईच्या टोकाने करायची. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते.

कापण्याबद्दल बोलायला लागले की मला थांबवावं लागतं. आधी आतल्या खिडक्या कापायच्या, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. तोवर कागदाला अंग असतं, तो हलत नाही. वळणावर मनगट वळवायचं नाही, कागद फिरवायचा. एका दमात आरपार कापायला जायचं नाही. हलक्या हाताने दोनदा-तीनदा पातं फिरवायचं. आणि कान उघडे ठेवायचे. धारदार पातं कार्डावरून जाताना जवळजवळ आवाजच करत नाही. बोथट झालं की खरखर ऐकू येते, आणि ती ऐकू येईपर्यंत कोपऱ्यातले धागे उचकटलेले असतात. मुलं पात्याचं बोथट टोक मोडून पुढची धार काढायला कंटाळतात. मी वर्गात फिरताना नुसत्या आवाजावरून सांगते, ‘तिसऱ्या टेबलावर, टोक मोडा.’

ही मुलगी पहिल्या दिवसापासून शांत. चित्रकला चांगली, पण जिन्याच्या घड्या फाटत होत्या. कार्डाला वर निळा रंग आणि आत पांढरा गाभा. घडीवर वरचा थर तडकला की गाभा दिसतो. घडीची रेघ दाबायला आम्ही बोन फोल्डर, म्हणजे बोथट टोकाची चपटी पट्टी, वापरतो. पहिला जिना बघून मी म्हटलं, ‘बोन फोल्डर जास्त दाबतेयस.’ दुसरा आणला, तसाच. ‘आता पुरेसा दाबला नाहीस.’ पुढच्या वेळी म्हटलं, ‘पट्टी घट्ट धर.’ मी दरवेळी काहीतरी सांगत गेले आणि ती दरवेळी मान हलवून जागेवर जात राहिली. तिच्या शेजारच्या मुलाचा पहिलाच जिना सुरीसारखा स्वच्छ उतरला होता. मी तो सगळ्या वर्गाला दाखवलाही होता.

एका सहकाऱ्यांनी जाता जाता बघितलं आणि म्हणाले, ‘काहींना हातच नसतो, मॅडम. लेझर कटर आहे की, त्यावर द्या.’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि मला ते कधीही पटलेलं नाही. लेझरने काप बिनचूक येतो, पण कार्डाची कड करपते, आणि कागद कुठे विरोध करतो हे त्या मुलाच्या बोटांना कधी कळतच नाही. पहिल्या वर्षात तेच तर कळायला हवं.

त्या दिवशी सबमिशन होतं. तिने नववा जिना आणला आणि आधीचे आठही सोबत आणले. प्रत्येकामागे तारीख घातलेली. ती म्हणाली, ‘मॅडम, मी काय चुकतेय ते मला कळत नाहीये.’ मी ते ओळीने मांडले. पहिल्या जिन्यातल्या खिडक्यांचे कोपरे कापाच्या पुढे गेलेले. चौथ्यात कोपरे जुळले. सातव्यात खिडकीची चौकट दोन मिलिमीटरची राहिली होती आणि कुठेही वाकडी नव्हती. नवव्यातले काप माझ्यापेक्षा चांगले होते, हे मी मनापासून सांगते. आणि पांढरी रेघ? पहिल्यात होती तशीच नवव्यात. जो हात कापण्यात एवढा पुढे गेला, तो घडी घालण्यात एक पाऊलही पुढे गेला नाही, हे कसं शक्य आहे?

मी तिला उरलेलं एक कोरं कार्ड मागितलं. त्यातून दोन सारख्या पट्ट्या कापल्या, एक उभी, एक आडवी, आणि दोन्ही एकत्र टोकाला धरल्या. आडवी पट्टी ताठ राहिली, उभी लगेच मान टाकून खाली आली. मग कापसाचा ओला बोळा एका तुकड्यावर फक्त एका बाजूने फिरवला. कार्ड हळूहळू वळायला लागलं आणि त्याची सुरळी झाली, आडवी. ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, आडवा होता. कागदाचे तंतू कारखान्यात यंत्राच्या दिशेने वळतात. ओले झाले की लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, म्हणून सुरळी त्यांच्याच दिशेला धरून होते. घडी तंतूंच्या बाजूने घातली तर कागद निमूट दुमडतो. तंतूंना छेदून घातली तर प्रत्येक तंतू मोडावा लागतो, आणि २५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या) जाड कार्डात तो आवाज न करता मोडत नाही.

तिच्या सगळ्या २५ घड्या उभ्या जात होत्या. सगळ्या, नऊही जिन्यांत.

स्टोअरमध्ये जाऊन बघितलं. एका शीटमधून जास्तीत जास्त तुकडे निघावेत म्हणून काही उभे कापले होते, काही आडवे, आणि दोन वेगळे गठ्ठे करून ठेवले होते. दिसायला सगळे सारखे. तिने पहिल्याच दिवशी एकदम दहा कार्डं घेतली, सगळी एकाच गठ्ठ्यातली. शेजारच्या मुलाचं कार्ड दुसऱ्या गठ्ठ्यातलं. कापणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की दिशेने काही फरक पडतो, त्याचा काय दोष? सांगायचं काम माझं होतं.

मी दरवर्षी वर्गात सांगते की जर्मनीतल्या बाऊहाऊस या कलाशाळेत तिथले शिक्षक जोसेफ आल्बर्स १९२०च्या दशकात मुलांना कागद देऊन आधी त्याचा स्वभाव शोधायला लावायचे. सांगते, आणि लगेच मापं लिहून देते. कागदाला ओला बोळा लावून बघा, हे पहिल्या तासाला कधी करून घेतलं नाही.

त्या उरलेल्या तुकड्यावर मी तिला दिशा बदलून तीनच पायऱ्या घालायला सांगितल्या. बोन फोल्डर फिरला, घडी पडली, निळी ती निळीच राहिली. ती बराच वेळ त्या कडेवरून अंगठा फिरवत होती. मग म्हणाली, ‘मॅडम, मला वाटत होतं माझा हात जड आहे.’ मला उत्तर सुचलं नाही. पूर्ण मार्क दिले, पण ती त्याबद्दल बोलत नव्हती.

घरी येऊन गेल्या वर्षीची शेऱ्यांची वही काढली. अकरा नावांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय : ‘काप ठीक, घड्या फाटतात, सराव हवा.’ यातले कुणाचे हात कच्चे होते आणि कुणाचं कार्ड उलटं होतं, आता कळायला मार्ग नाही. जिने तर परत देऊन झाले. ती मुलं दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यातल्या दोघांनी पेपरक्राफ्टऐवजी दुसरा विषय घेतला आहे. सोमवारी त्यांच्या स्टुडिओत जाणार आहे. दोन पट्ट्या कापून ठेवल्या आहेत आणि कापूसही घेतला आहे.