आमची वाटचाल : गाडी निघण्याआधीचा फोन

मिरजेत आमची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हा आमच्याकडे एक जुनी व्हॅन, एक ऑक्सिजन सिलिंडर आणि मी व माझा धाकटा भाऊ असे दोनच चालक होतो. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून थेट कर्नाटकातील अथणीपर्यंतचे रुग्ण येथे येतात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. 2014 मध्ये राज्यात 108 ची मोफत सेवा आली आणि आता आमचे कठीण आहे असे अनेकांनी सांगितले. प्रत्यक्षात एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण हलवण्याचे काम आमच्याकडे वाढतच गेले. त्या काळात गाडी किती लवकर पोहोचली, एवढ्यावरच आम्ही आमचे काम मोजत होतो.

ही समजूत मोडली ती एका रात्री. जत तालुक्यातील एका वाडीवरून पक्षाघात झालेल्या गृहस्थांना घेऊन, उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत आम्ही एका रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा तिथले सीटी स्कॅनचे यंत्र बंद असल्याचे कळले. दुसरीकडे नेले, तर तेथील डॉक्टरांनी विचारले, ‘‘यांना शेवटचे ठणठणीत कोणी आणि किती वाजता पाहिले?’’ ते फक्त त्यांच्या पत्नीला ठाऊक होते, आणि गाडीत दाटी नको म्हणून त्यांना आम्हीच घरी थांबवले होते. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नसल्याची सीटी स्कॅनवर खात्री करावी लागते. वाडीवर फोन लागेपर्यंत ती मुदत टळली. ते वाचले, परंतु उजवा हात कायमचा गेला. गाडी कोठेही रेंगाळली नव्हती. कमी पडले होते ते आमचे विचारणे आणि सांगणे.

तेव्हापासून रुग्ण गाडीत घेता घेता रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीला फोन जातो : सीटी स्कॅन सुरू आहे का, अतिदक्षता विभागात खाट आहे का, रुग्ण किती वेळात पोहोचेल. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी ग्रामीण रुग्णालयात काढलेला असेल, तर त्याचा फोटो त्याच वेळी हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो, म्हणजे आम्ही वाटेत असतानाच कॅथलॅबमधील, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा काढतात त्या खोलीतील, मंडळी तयारीला लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आमचे पिवळे कार्ड. स्ट्रेचरच्या दांडीला ते अडकवलेले असते आणि त्याला सुतळीने पेन बांधलेले असते, कारण सुटे पेन ऐन वेळी कधीच सापडत नाही. त्यावर सर्वांत वर, ठळक चौकटीत, त्रास सुरू झाल्याची वेळ. खाली रक्तदाब, नाडी, दिलेली औषधे आणि ती दिल्याच्या वेळा. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हा प्रश्न आम्ही मुद्दाम वेगळा छापला आहे. नातेवाईक ‘बीपीची गोळी आहे’ एवढेच सांगतात, म्हणून घरातील औषधांची पिशवीच आम्ही बरोबर घ्यायला लावतो. सर्पदंश असेल तर प्रतिविषाच्या किती बाटल्या कोठे दिल्या, हेही त्यावर येते. रुग्णाला खाटेवर घेण्यापूर्वी आमचा माणूस हे कार्ड मोठ्याने वाचतो आणि सिस्टर महत्त्वाच्या नोंदी पुन्हा म्हणून दाखवतात. याला अर्धे मिनिट लागते. सुरुवातीला काही ठिकाणी ‘कागद तिथे ठेवा’ असे ऐकून घ्यावे लागले. आता आम्ही वाचायला उभे राहिलो की बहुतेक ठिकाणी लोक शांत होतात.

रुग्णाचे पुढे काय झाले हे मात्र अजूनही आम्हाला कोणी आपणहून कळवत नाही. दुसऱ्या दिवशी आम्हीच फोन करून विचारतो आणि उत्तर त्या कार्डाच्या मागे लिहून ठेवतो.

आज आमच्याकडे तीन गाड्या आहेत. सीमाभागातल्या फेरीवर कन्नड येणाराच चालक जातो. आणि रुग्णाला शेवटचे बरे पाहिलेल्या माणसासाठी तिन्ही गाड्यांत चालकाशेजारची जागा राखलेली असते. गावातील कितीही वजनदार पुढारी बरोबर यायला निघाले, तरी ती जागा आम्ही त्यांना देत नाही.