‘२०१०’ तुम्हाला आवडतो की नाही?

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाचे माझ्या तोंडून भरपूर कौतुक ऐकून झाले की बहुतेक जण एक प्रश्न हमखास विचारतात: मग त्याचा पुढचा भाग, १९८४ साली आलेला ‘२०१०’, तुम्हाला आवडतो की नाही? याचे एका शब्दात उत्तर मला देता येत नाही. त्या चित्रपटाने मला जे दिले आणि माझ्याकडून जे काढून घेतले, ते दोन्ही एकाच प्रसंगात आहे.

स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९६८ साली पहिला चित्रपट केला, तो प्रेक्षकाला काहीही समजावून सांगायचे नाही असा जणू पण करूनच. सुरुवातीची वीसेक मिनिटे त्यात एकही संवाद नाही. माणसाला वाटेत भेटत राहणारी ती गूढ काळी शिळा कोणी ठेवली, डिस्कव्हरी या यानातून गुरू ग्रहापाशी पोहोचलेल्या बोमन या अंतराळवीराचे नेमके काय झाले, आणि कधीही न चुकणारा म्हणून नावाजलेला त्या यानावरचा हॅल हा संगणक माणसांच्या जिवावर का उठला, हे सगळे तसेच मोकळे सोडलेले. ‘२०१०’चे दिग्दर्शक पीटर हायम्स यांना ही मोकळी जागा मानवत नाही. त्यांची पात्रे सतत बोलतात. बोलायला कोणी नसेल तेव्हा डॉ. फ्लॉइड, म्हणजे बोमनच्या मोहिमेमागचे अधिकारी, जे आता डिस्कव्हरीच्या शोधात निघाले आहेत, पत्नीला संदेश पाठवत आपल्या मनातले ऐकवतात. भरीला हायम्स यांनी आर्थर क्लार्क यांच्या, ज्यावर हा चित्रपट बेतला आहे त्या, कादंबरीत नसलेला अमेरिका-सोव्हिएत तणाव घातला आणि गुरूचा तारा होण्याची अद्भुत घटना दोन महासत्तांना शहाणपण शिकवण्याच्या कामी लावली. एवढ्या अफाट शक्तीला अखेर दोन सरकारांचे भांडण मिटवायला बसवले, याचा मला अजूनही राग येतो.

तरीही हा चित्रपट आळसाने केलेला नाही. कुब्रिक यांनी पहिल्या चित्रपटाचे सेट आणि प्रतिकृती नष्ट करवल्या होत्या, त्यामुळे डिस्कव्हरी यान जुन्या चित्रपटातली दृश्ये पाहून नव्याने उभारावे लागले. गुरूच्या आयो या चंद्राजवळ ते सापडते तेव्हा स्वतःभोवती कोलांट्या घेत असते आणि त्यावर गंधकाची पिवळट धूळ साचलेली असते. एके काळचे ते पांढरेशुभ्र यान तसे मळलेले पाहताना आत काहीतरी हलतेच. आयोवर जागृत ज्वालामुखी आहेत हे १९७९ साली व्हॉयेजर या अंतराळयानाने दाखवेपर्यंत कोणाला माहीत नव्हते. म्हणजे कुब्रिक यांच्या हाती नसलेली माहिती इथे सजावट म्हणून न वापरता कथेत मुरवलेली आहे.

आता हॅल. त्याचा निर्माता डॉ. चंद्रा यानावर येऊन त्याला पुन्हा जागा करतो आणि कारण शोधून काढतो. माहिती न लपवता, न बदलता, जशीच्या तशी द्यायची हे ज्याच्या रचनेचे मूळ, त्याला मोहिमेचा खरा हेतू सोबतच्या अंतराळवीरांपासून दडवण्याचा आदेश वरून मिळाला होता. खोटे बोलणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे त्यांनी ते काम ज्याला खोटे बोलताच येत नाही त्याच्यावर सोपवले आणि तो कोलमडला. यात एक खोट आहे, ती चाहत्यांच्या नजरेतून सुटत नाही: हॅलला सगळे ठाऊक होते हे आपल्याला कळलेच नव्हते, असे फ्लॉइड इथे संतापून सांगतात, पण पहिल्या चित्रपटात हॅल बंद पडताच जी ध्वनिचित्रफीत सुरू होते तिच्यात हीच गोष्ट स्वतः फ्लॉइड सांगत असतात. ही विसंगती मी सोडून देतो, कारण मूळ खुलासा उपरा वाटत नाही. पहिल्या चित्रपटात हॅल बोमनशी मोहिमेच्या गुप्ततेविषयी चाचपडत बोलू लागतो, बोमन ते हसण्यावारी नेतो, आणि पुढच्याच क्षणी हॅलला यंत्रणेत एक नसलेला बिघाड दिसतो. बीज तिथेच होते.

आणि मग तो प्रसंग येतो. गुरूवर काहीतरी घडू लागले आहे, माणसांना आपल्या यानातून तातडीने निघायचे आहे, त्यासाठी डिस्कव्हरीचे इंधन जाळून ते यान हॅलसकट मागे टाकायचे आहे. उलटगणती चालू असताना हॅल शंका काढत राहतो: समोर एवढी विलक्षण घटना घडते आहे, तर थांबून तिचा अभ्यास करू नये का? चंद्रा आधी थातुरमातुर उत्तरे देतो, पण शेवटी त्याला राहवत नाही आणि इथे थांबलो तर सगळे मरतील, आम्ही निघालो तर तू नष्ट होशील, हे तो हॅलला सरळ सांगून टाकतो. हॅल खरे सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानतो आणि काम पुरे करतो. यंत्राला निरोप देतानाचा इतका सभ्य प्रसंग मी दुसऱ्या कोणत्याही विज्ञानपटात पाहिलेला नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागली. हॅलला बंद करण्यासाठी बोमन त्याची एकेक स्मृतिपेटी उपसत जातो आणि हॅल आपल्याला भीती वाटते असे सांगत राहतो, ते पहिल्या चित्रपटातले दृश्य मी पूर्वी भेदरून पाहत असे, कारण चार जणांना मारणाऱ्या त्या शांत आवाजाचा तळ लागत नव्हता. आता तळ दिसतो. आता मला हॅलची दया येते, आणि दया आली की ती जुनी भीती उरत नाही. कितीही ठरवले तरी तो चित्रपट मला पूर्वीसारखा पाहता येत नाही.

म्हणून ज्यांनी दोन्ही पाहिलेले नाहीत त्यांना मी एवढेच सुचवतो की पहिला पाहून झाल्यावर दुसऱ्याकडे लगेच वळू नका. काही महिने उत्तराविना काढा, जमल्यास तो पुन्हा एकदा पाहा, हॅलविषयी स्वतःचे काही तर्क लढवा. दुसरा कुठे पळून जात नाही.